विमलताई आणि अकरावं प्रकरण

शुक्रवार, ७ जून २००२. सकाळपासून वरच्या मजल्यावरच्या आठल्यांचं किचन रिकामं करते आहे. आठल्ये नवरा-बायको काल संध्याकाळच्या विमानाने कायमचे पुण्याला गेले. फ्लॅटची किल्ली नातूरला, म्हणजे बिल्डिंगच्या रखवालदाराला, परत करायची आहे आणि घरमालकाला कपाटं पुसलेली हवी आहेत. डबे मी ठेवून घेतले, मिक्सर समोरच्या केरळी नर्सला दिला. निम्म्या कपाटांत स्वयंपाकाचं काहीच नव्हतं. कधीच नसायचं. तिथे हस्तलिखितं असायची, लोकांनी लिहिलेली आणि अजून न छापलेली पुस्तकं. आठल्ये म्हणायचे, "आमच्याकडे तूरडाळीसाठी हात घातला तर कादंबरी लागते. तीही कच्ची."

विमलताई लग्नाआधीपासून पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेत होत्या. तिथे त्यांना कुणी संपादक म्हणत नसे. 'वाचणाऱ्या बाई' म्हणत. आलेलं हस्तलिखित वाचायचं, छापण्यासारखं आहे का ते मालकांना सांगायचं, आणि छापायचं ठरलं तर लेखकाबरोबर बसून ते नीट करून घ्यायचं, हे त्यांचं काम. मालकांना सगळे भाऊ म्हणत. नव्वदच्या सुमाराला आठल्यांना दुबईत शिपिंग कंपनीत नोकरी लागली, तेव्हा विमलताईंनी राजीनामा लिहून दिला. भाऊंनी तो न वाचता खणात टाकला आणि विचारलं, "दुबईला माणसं जातात-येतात ना?"

झालं. त्या दिवसापासून हस्तलिखितं माणसांबरोबर प्रवास करू लागली. दुबईतल्या आमच्या मनखूल वस्तीतलं कुणी सुट्टीवरून परत येताना कुळथाचं पीठ, लोणचं आणि भाऊंचं पाकीट घेऊन यायचं. पुढचं कुणी जाताना वाचून झालेलं पाकीट परत न्यायचं. विमलताई नवीन माणसाशी ओळख झाली की दोनच प्रश्न विचारत. पहिला, "सुट्टी कधी?" दुसरा, "बॅगेत जागा असते का?" माझ्या नवऱ्याशी त्यांची ओळख अशीच झाली. तो वर्षातून दोनदा ऑफिसच्या कामाला मुंबईला जायचा, त्यामुळे त्यांच्या मते तो फार चांगला माणूस होता.

बाई ठेंगणी, चष्मा जाड. घरात कॉटनची साडी आणि तिच्यावर नवऱ्याचा जुना स्वेटर, कारण एसी कायम जोरात. इथल्या दमट हवेत कागद सादळतो, असं त्यांचं म्हणणं. आठल्ये स्वतः मफलर बांधून टीव्ही बघत. बाहेर बेचाळीस डिग्री आणि सोफ्यावर मफलर, हे दृश्य मी कित्येक वर्षं पाहिलं.

हस्तलिखितावर त्या फक्त पेन्सिलीने लिहीत. "शाई लेखकाची. माझं त्याला खोडता आलं पाहिजे." आणि त्यांचा एक शब्द होता, 'पुढे?' लेखक चार पानं सूर्यास्त रंगवत असला की समासात बारीक अक्षरात 'पुढे?' एखादी बाई दारात उभी राहून नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगत असली तरी विमलताई मान हलवत, पोळी उलटत आणि म्हणत, "पुढे?" बऱ्याच बायकांच्या लक्षात यायचं की पुढे काही नाही. त्या घरी जायच्या.

माझ्याशी त्यांचं जमलं ते इस्त्रीमुळे. मी एका क्लिअरिंग एजन्सीत डॉक्युमेंटेशनला आहे. शुक्रवार एवढीच सुट्टी, म्हणून शुक्रवारी दुपारी आठवड्याची सगळी इस्त्री. एकदा त्या साखर मागायला आल्या आणि मी इस्त्री करते आहे असं पाहून परत वर गेल्या. साखर न नेताच. आल्या त्या एक फाइल घेऊन. म्हणाल्या, "शैला, तू तुझं काम कर. मी वाचते. ऐकलं नाहीस तरी चालेल."

नंतर कळलं की मी ऐकते की नाही हे त्या बघतच नव्हत्या. त्या इस्त्री बघत होत्या. वाचता वाचता माझा हात थांबला की समासात एक बारीक खूण. शर्टामागून शर्ट होत राहिले की 'पुढे?' मी विचारलं, मलाच का. तुमच्या ओळखीत एवढे शिकलेले, वाचणारे लोक आहेत.

"ते शहाणे असतात. त्यांना आवडून घेता येतं," विमलताई म्हणाल्या. "तुला साहित्यातलं काही कळत नाही हे फार बरं आहे."

मला राग आला नाही. खरंच कळत नाही. इस्त्री हे कंटाळवाणं काम आहे आणि रेडिओपेक्षा हे बरं होतं. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती दारातून बघून गेली आणि मला नंतर म्हणाली, "आई, व्हाय इज आंटी रीडिंग टू द आयर्न?"

लेखकांची इथे कमतरता नव्हती. घरी पैसे पाठवून झाले, मुलं मोठी झाली, की माणसाला आत्मचरित्र सुचतं. नव्वदनंतर पुण्यामुंबईत असे प्रकाशकही निघाले की लेखकानेच खर्च द्यायचा आणि हजार प्रती घरी घेऊन जायच्या. एकदा देरा बाजारातले एक व्यापारी कवी मखमली फाइल घेऊन आले. त्यांना खर्चाची पर्वा नव्हती, फक्त विमलताईंच्या जुन्या संस्थेचं नाव हवं होतं. विमलताईंनी चहा दिला, फाइल आपल्या मांडीवर घेतली आणि बंद ठेवली. म्हणाल्या, त्यातली तुमची आवडती कविता म्हणून दाखवा. कवींनी दोन ओळी म्हटल्या आणि तिसरीला फाइलकडे हात केला.

"राहू दे," विमलताई म्हणाल्या. "जेवढी तुम्हाला पाठ आहे तेवढी ठेवू या."

कवी गेल्यावर आठल्ये म्हणाले, "अगं, त्यांची बारा दुकानं आहेत." विमलताई म्हणाल्या, "मग कविता कशाला हव्यात?"

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम त्यांनी एकदाच केलं. अध्यक्षांनी स्वित्झर्लंडचं प्रवासवर्णन दिलं होतं. विमलताईंनी त्यातलं जेवण, हॉटेलं आणि खरेदी काढली. उरलं ते एअरपोर्ट ते एअरपोर्ट. अध्यक्षांनी फोन केला की माझा लेख गेला कुठे. विमलताईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही डोंगर बघितले होते का? बघितले असतील तर दोन पानं लिहून द्या, उद्या घालते. अध्यक्षांनी दिली नाहीत. पुढच्या वर्षी अंकाचं काम दुसऱ्यांकडे गेलं आणि स्वित्झर्लंडचं सगळं जेवण छापून आलं.

या सगळ्यात एकच माणूस त्यांनी गंभीरपणे घेतला. दिनकर सामंत. अबू धाबीत सिव्हिल इंजिनिअर, कणकवलीकडचे. पश्चिमेकडच्या साइटवर वाळवंटात पंधरा वर्षं काढलेली. त्यांनी साइटवरच्या एका फोरमनची कादंबरी लिहिली होती आणि शुक्रवारी सकाळच्या शेअर टॅक्सीने ते दुबईला येत. दोघं डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसत आणि दुपारपर्यंत भांडत. सामंत मोठ्याने, विमलताई हळू. जेवायला वाढलं की गप्प. आठल्ये मधे बसून आमटी वाढत आणि हवापाण्याच्या गप्पा काढत.

सामंतांना एक सवय होती. पान पक्कं झालं की कच्चं फाडून टाकायचं. म्हणायचे, काँक्रीट पक्कं झालं की शटरिंगच्या फळ्या ठेवून काय करायचं.

कादंबरी इस्त्रीला चांगली उतरली. माझे दोन शर्ट जळता जळता वाचले. फक्त अकराव्या प्रकरणाला हात थांबला नाही. त्या प्रकरणात फोरमनची आई तिकडे गावी वारते. निरोप कॅम्प ऑफिसच्या फोनवर येतो तेव्हा साइटवर काँक्रीट ओतायला सुरुवात झालेली असते. काँक्रीट एकदा ओतायला घेतलं की मधे थांबवता येत नाही, सांधा राहतो. पासपोर्ट कंपनीकडे, साहेब सुट्टीवर. फोरमन काम संपेपर्यंत उभा राहतो. संपूर्ण प्रकरणभर तो उभाच आहे आणि काँक्रीट पडतंय. विमलताईंचं म्हणणं, गोष्ट इथे थांबते, वाचणारा बाहेर जातो. दोन पानांत करा किंवा काढा.

सामंतांनी त्यांना सांगितलं की हे काही रचलेलं नाही. तो फोरमन म्हणजे मी.

"ते मला पहिल्या ओळीला कळलं," विमलताई म्हणाल्या. "तरी थांबते."

सामंतांना बहुतेक इस्त्रीचं आठल्यांकडून कळलं असावं. ते माझ्या दारात आले. तोंडओळखीपलीकडे आमची ओळख नव्हती. म्हणाले, "वहिनी, माझ्या आईचा निकाल तुमची इस्त्री लावणार का?" मी म्हटलं, मला काही विचारू नका, मी शर्ट करते. ते परत वर गेले. पुढच्या दोन-तीन शुक्रवारी वरून आवाज येत राहिला. शेवटी विमलताईंनी मानलं. "पुस्तक तुमचं आहे. राहील प्रकरण. पण वाक्यं मी नीट करणार." त्यांनी ती केली, सामंतांनी ती बसून पुन्हा लिहिली आणि अर्थात कच्चं फाडलं. हे सगळं होईस्तोवर बाकीच्या कादंबरीचं पाकीट बांधून झालं होतं. त्याची झेरॉक्सही काढलेली होती. अकराव्याचं पाकीट वेगळं झालं, आणि त्याची झेरॉक्स काढायला वेळ राहिला नाही, कारण ज्या मुलीबरोबर दोन्ही पाकिटं पाठवायची होती तिचं विमान त्याच दिवशी होतं.

त्या मुलीला मी इथे स्मिता म्हणते. नाव खरं नाही. दोन लहान मुलांना घेऊन ती उन्हाळ्यात माहेरी चालली होती. इथेच राहणारा तिचा सख्खा भाऊ तिला आपल्या गाडीने एअरपोर्टला सोडायला गेला.

पुस्तक आठ महिन्यांनी छापून आलं. दरम्यान पुण्याचे मालक भाऊ वारले होते आणि संस्था त्यांचा मुलगा शेखर बघत होता. त्याने कॉम्प्युटर घेतले होते. पूर्वी प्रुफं दोनदा दुबईला यायची. आता एकदाही आली नाहीत. शेखरने फोनवर सांगितलं, "मावशी, आता स्क्रीनवरच सगळं दिसतं." स्क्रीनवर अर्थात तेवढंच दिसतं जेवढं पोचलेलं असतं. पुस्तकात दहाव्यानंतर बारावं होतं आणि ऑपरेटरने त्याला अकरावं करून टाकलं होतं. कुणालाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पुण्याच्या पेपरांत परीक्षणं आली, सगळ्यांनी कादंबरीला आटोपशीर म्हटलं.

पुस्तक हातात पडलं त्या शुक्रवारी सामंत आले ते बसले नाहीत. मी तेव्हा वरच होते, विमलताईंबरोबर मेथी निवडत होते. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"हट्ट पुरा केलात तुमचा," ते म्हणाले. "माझी आई कापलीत."

विमलताई म्हणाल्या, "मी कापलेलं नाही."

"मग कोणी? तुम्हालाच नको होतं. कच्चं माझ्याकडे नाही, हेही तुम्हाला माहीत होतं."

"कापायचं असतं तर तुम्हाला सांगून कापलं असतं."

सामंत निघून गेले. विमलताई राहिलेली मेथी निवडत बसल्या. देठं आणि पानं एकाच ताटात टाकत होत्या. मी ती नंतर वेगळी केली.

त्यांनी शेखरला विचारलं. तो म्हणाला, आलं तेवढं छापलं. स्मिताला, तिला अवघड वाटणार नाही अशा बेताने, विचारलं. ती म्हणाली, ताई, तुमचं बॅगेत होतं ते सगळं मी स्वतः नेऊन दिलं. खोटं बोलणारी मुलगी नव्हती. विमलताईंनी विषय सोडला. सामंतांना त्या 'पाठवताना हरवलं असेल' एवढंही म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, का नाही सांगत. म्हणाल्या, "मला माहीत नसलेलं मी काय सांगू?" पण सामंत गप्प बसले नाहीत. अबू धाबीच्या मंडळात, शारजाच्या संमेलनात, जिथे म्हणून मराठी माणूस पुस्तकाबद्दल बोलायला उभा राही तिथे हे पसरलं, की आठल्येबाई लेखकाला न विचारता कापतात. तीस वर्षं त्यांनी जे एकदाही केलं नव्हतं ते त्यांच्या नावावर झालं. पाकिटं कमी झाली. शुक्रवारी त्या माझ्याकडे यायच्या, पण वाचायला हातात काही नसायचं. नुसत्या बसायच्या. मला ते बघून काम सुचायचं नाही, म्हणून मी त्यांना शर्टांची बटणं लावायला देत असे.

तीनेक वर्षं अशी गेली. मग गेल्या हिवाळ्यात स्मिताचा भाऊ कॅनडाला निघाला. गाडी विकायच्या आधी त्याने डिकी साफ केली आणि स्पेअर टायरच्या शेजारून निघालेलं एक पाकीट आमच्या नातूरकडे ठेवून गेला. कोपऱ्यात विमलताईंचं नाव होतं आणि आत अकरावं प्रकरण. विमलताईंनी त्याला फोन लावला.

"सॉरी हां ताई," तो म्हणाला. "एअरपोर्टवर बॅग जड झाली. स्मिता पोरांना घेऊन लाइनीत होती, मीच पटापट सामान काढलं. दूध पावडर काढली, खजूर काढले, हे पण काढलं. वाटलं, जुने पेपर असतील, नंतर देऊ. खलास, विसरूनच गेलो. तिला माहीत पण नाही."

विमलताईंनी त्याला कॅनडासाठी शुभेच्छा दिल्या. मला म्हणाल्या, "स्मिताला यातलं काही बोलायचं नाही. ती अजून मला लोणचं आणून देते."

तोवर पुस्तकाला पुण्यात एक पुरस्कार मिळाला होता आणि दुसरी आवृत्ती निघणार होती. विमलताईंनी शेखरला फोन केला. मी ओट्याशी होते, त्यांनी स्पीकर लावला होता, कारण हात कणकेचे होते.

"मावशी, लोकांना आहे तसंच आवडलंय," शेखर म्हणाला. "छपाईच्या फिल्म तयार आहेत. नवीन पानं घातली तर सगळं परत करावं लागेल. आणि तुम्हालाच नको होतं ना ते प्रकरण?"

"मला नको होतं, ते मी लेखकाला सांगितलं. तो नाही म्हणाला. तिथे माझं काम संपलं. तुझं सुरू झालं."

"पण पुस्तक त्याच्याशिवाय चांगलं आहे, मावशी. ऑनेस्टली सांगा."

"चांगलं आहे," विमलताई म्हणाल्या. "पुढे?"

पुढे शेखरने फोन ठेवला. त्यांनी कपाटात उरलेली त्याची पाकिटं पुढच्या जाणाऱ्याबरोबर परत पाठवली आणि नवीन घेतली नाहीत.

मग त्या साठीच्या बाईंनी आठल्यांच्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकून घेतलं. फाँट मंडळातल्या एका मुलाने फ्लॉपीवर दिला. र्‍हस्व-दीर्घ नीट उमटेपर्यंत आठल्यांना पेपर वाचायला वेगळी खोली शोधावी लागली. छापील पानाला पट्टी लावून त्यांनी अकराव्याच्या ओळींची लांबी जुळवली. बस स्टँडमागच्या टायपिंग सेंटरमधून पिवळसर कागदावर झेरॉक्स काढल्या. तिथला पठाण म्हणाला, "मॅडम, बिल्डिंग का नोटिस है क्या?" विमलताई म्हणाल्या, "हाँ, देर से आया."

सामंतांना त्यांनी फोन केला. विमलताईंची बाजू तेवढी मी ऐकली.

"सामंत, अकरावं सापडलं. तुमच्याकडे प्रती असतील त्या घेऊन या... सामानातून राहिलं होतं... कुणाच्या ते कशाला हवं? माझ्या हातून नाही, एवढं पुरे आहे... हो, या शुक्रवारी. जेवायलाच या."

शेखरने मानधनाऐवजी प्रतीच दिल्या होत्या, त्यामुळे सामंतांच्या घरी खोकी होती. ते ती गाडीत घालून आले. केस पुष्कळ पांढरे झाले होते. दारात थांबले आणि काही बोलणार होते, पण विमलताईंनी त्यांच्या हातात गमाची बाटली दिली. टेबलाशी आम्ही चौघं बसलो. दहाव्याचं शेवटचं पान उघडायचं, शिवणीजवळ बारीक गम लावायचा, प्रकरण बसवायचं, कोरड्या फडक्याने दाबायचं. आठल्ये गम फार लावत, म्हणून त्यांना खोकी उघडायच्या कामावर घेतलं.

पहिली प्रत सुकल्यावर सामंतांनी ती घेतली आणि खिडकीशी जाऊन वाचली. त्यांच्या आईचं काँक्रीट संपूर्ण पडेपर्यंत. आम्ही चिकटवत होतो. ते परत येऊन बसले.

"तुम्ही म्हणत होता ते खरं आहे," ते म्हणाले. "गोष्ट इथे थांबते."

विमलताईंनी पुढची प्रत ओढली आणि पान उघडलं.

"थांबते," त्या म्हणाल्या. "थांबू दे थोडी."

त्यानंतर बरेच शुक्रवार त्यांनी घरोघर जाण्यात घालवले. मनखूल, करामा, शारजा. ज्याच्या कपाटात ती कादंबरी असेल त्याच्याकडे झेरॉक्स आणि गम घेऊन. लोक म्हणत, ताई, पानं देऊन ठेवा, आम्ही लावू. त्या देत नसत. स्वतः लावत. सामंत पुढे प्रत्येक संमेलनात उठून, चूक आपलीच झाली, असं काही तरी सांगत असत म्हणे. विमलताई त्या कार्यक्रमांना गेल्या नाहीत.

आठल्यांची नोकरी संपली तसा व्हिसा संपला. काल दुपारी टॅक्सी आली. आठल्ये पुढे बसले, मफलर हातात. विमलताई मागे दोन बॅगांच्या मधे अंग चोरून बसल्या. मी खाली उभी होते. रडारड वगैरे झाली नाही, आम्ही दोघीही त्यातल्या नाही. टॅक्सीवाला "यल्ला, मॅडम, चलो" म्हणाला तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि एक पातळ पाकीट माझ्याकडे दिलं. त्यात अकराव्या प्रकरणाची एकच प्रत होती.

"स्मिताकडचं पुस्तक राहिलंय," त्या म्हणाल्या. "माझ्याने तिच्याकडे जाववलं नाही. तिने तोंडाकडे पाहून सगळं ओळखलं असतं."

काच वर गेली. पुलाच्या वळणावर मागच्या काचेतून फक्त स्वेटर दिसत होता.

आज कपाटं पुसून झाली.

शनिवार, ८ जून. सकाळी ऑफिसला जायच्या आधी मी स्मिताकडे गेले. ती मुलांचे डबे भरत होती. म्हटलं, सामंतांची कादंबरी आण, एक प्रकरण छापायचं राहिलं होतं ते लावून देते. तिने हात पुसून पुस्तक आणलं. "कसं काय राहिलं, ताई?" तिने विचारलं. म्हटलं, छापखान्यात होतं असं. दहाव्याचं शेवटचं पान उघडून मी प्रकरण बसवलं, फडक्याने दाबलं, पुस्तकावर तिचा पोळपाट ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उचलू नकोस म्हणून सांगितलं. मग बोटांना लागलेला गम तिच्या बेसिनमध्ये धुतला आणि ऑफिसला गेले.